गारपीट, पीआर आणि चार टक्के : नागपूर जिल्ह्यातल्या एका सौर प्रकल्पाचं प्रकरण

कळमेश्वर-काटोल पट्ट्यातला हा सौर प्रकल्प तसा छोटा, तीन मेगावॉटचा. गावाजवळच्या उपकेंद्राला जोडलेला आणि कृषी फीडरला दिवसा वीज देणारा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेनंतर राज्यात असे प्रकल्प ठिकठिकाणी दिसू लागले आहेत. मालक नागपूरचे, मूळचे जिनिंगच्या धंद्यातले. देखभालीचं काम त्यांनी एका ठेकेदाराला दिलेलं. फेब्रुवारीत एका संध्याकाळी गारपीट झाली. तोवर 86 टक्क्यांच्या आसपास असलेला पीआर (पडलेल्या उन्हाच्या मानाने प्रकल्पाने किती वीज दिली, याची टक्केवारी) पुढच्याच आठवड्यात 82 वर आला आणि तिथेच थांबला.

मालकांनी ठेकेदाराचं बिल अडवलं. विमा कंपनीकडे गारपिटीच्या नुकसानीची सूचना गेली. ठेकेदाराचं म्हणणं, पॅनल धडधाकट आहेत, वेदर स्टेशनचा ऊन मोजणारा सेन्सर गारांनी बिघडला असेल. मला बोलावलं गेलं ते मोजमापाचा माणूस म्हणून. प्रश्न एका ओळीचा होता : बिघाड पॅनलमध्ये की सेन्सरमध्ये?

उत्तर यातलं एकही नव्हतं. पॅनल ठीक होते आणि गारपिटीनंतरचा सेन्सरही ठीक होता. चूक होती ती गारपिटीआधीच्या 86 मध्ये. ज्या आकड्यावर सगळे खूश होते, त्यावर कोणी शंका घेतलीच नव्हती. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेच. आपल्याकडे उन्हाच्या मोजमापावर आता मोठे पैसे ठरतात, पण ते मोजणारं केंद्र बहुतेक प्रकल्पांवर कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

भागाकारातला खालचा आकडा

पीआर म्हणजे परफॉर्मन्स रेशो. पडलेल्या उन्हातून जेवढी वीज निघायला हवी होती, त्यातली किती टक्के खरोखर मीटरवर आली, हे तो सांगतो. एक मेगावॉटचे पॅनल आहेत आणि दिवसभरात त्यांच्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे 6 युनिट ऊन पडलं असं धरू. आदर्श वीज 6,000 युनिट. मीटरवर 4,920 युनिट आले तर पीआर 82 टक्के. आता वीज तेवढीच, पण उन्हाचा सेन्सर 6 ऐवजी 5.72 दाखवतोय. पीआर लगेच 86 होतो. प्रकल्पात काहीही सुधारलेलं नसतं.

या भागाकारातला वरचा आकडा सुरक्षित असतो. वीज मीटरला सील असतं, रीडिंग महावितरणच्या आणि प्रकल्पाच्या माणसांसमोर होतं, त्या आकड्यावर बिल निघतं. खालचा आकडा कंट्रोल रूमशेजारच्या एका खांबावरून येतो. त्याला सील नाही, त्याची संयुक्त तपासणी नाही. तराजूच्या एका पारड्यावर सरकारी छाप आणि दुसऱ्याला पासंग, असा हा व्यवहार आहे.

खांबावर दोन पायरॅनोमीटर, म्हणजे ऊन मोजणारे सेन्सर होते. एक आडवा, एक पॅनलच्या कलानुसार 20 अंश दक्षिणेकडे झुकवलेला. पीआरसाठी दुसराच महत्त्वाचा. या उपकरणात एकात एक बसवलेले काचेचे दोन घुमट असतात आणि त्यांच्याखाली काळी चकती. चकती तापते, तिच्या आणि उपकरणाच्या अंगाच्या तापमानातल्या फरकामुळे थर्मोपाइलमध्ये बारीकसा विद्युतदाब तयार होतो. भर दुपारच्या 1,000 वॉटच्या उन्हातही तो जेमतेम दहा मिलिव्होल्टच्या आसपास. तेवढ्याशा दाबावरून डेटा लॉगर, म्हणजे नोंदी ठेवणारं यंत्र, ऊन काढतो. काचेच्या आतून साधारण 285 ते 2,800 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश पोचतो, म्हणजे सूर्यप्रकाशातली जवळपास सगळी ऊर्जा. या प्रकल्पातले दोन्ही पायरॅनोमीटर आयएसओ 9060 या पायरॅनोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या वरच्या वर्गातले होते. माल चांगला होता. खरेदीत कोणी काटकसर केलेली नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

गारांचा संशय

मालकांचं म्हणणं ऐकल्यावर कोणालाही पटलं असतं. "गारा पडल्या अन् आकडा पडला. आता अजून काय पुरावा पाहिजे जी तुम्हाला?" असं ते म्हणाले. घटनाक्रम अगदी सरळ होता. काही पॅनलच्या काचा खरोखर फुटल्या होत्या, त्या बदलूनही झाल्या होत्या. उरलेल्या पॅनलमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा गेल्या असतील आणि त्यामुळे वीज कमी येत असेल, असा तर्क होता. अशा भेगा शोधायला रात्री पॅनलमध्ये उलटा विद्युतप्रवाह सोडून खास कॅमेऱ्याने फोटो काढतात. सगळ्या प्रकल्पाची तशी तपासणी करायचं कोटेशनही येऊन पडलं होतं.

चौकीदाराच्या मोबाइलमध्ये त्या संध्याकाळचा एक फोटो होता. गारेशेजारी दहा रुपयांचं नाणं. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर, आणि ती गार नाण्यापेक्षा स्पष्ट लहान. पॅनलला बाजारात येण्याआधी जी प्रमाणित चाचणी द्यावी लागते, तिच्यात 25 मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला 23 मीटर वेगाने काचेवर मारतात. म्हणजे त्या संध्याकाळच्या बहुतेक गारा पॅनलने सोसायला हव्यात. फुटलेल्या काचा एका कोपऱ्यात होत्या, तिथे कडेच्या क्लॅम्पवर आधीच ताण होता. अर्थात हा फोटो एका गारेचा. यावरून शंका कमी होते, संपत नाही.

संशय खऱ्या अर्थाने ढिला पडला तो स्ट्रिंगचे, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळांचे, प्रवाह पाहिल्यावर. गारांनी नुकसान केलं असतं तर ते ठिगळाठिगळांनी दिसलं असतं. काही स्ट्रिंग खाली, काही जशाच्या तशा. इथे सगळ्या स्ट्रिंग एकमेकींशी गारपिटीआधी जशा होत्या तशाच नंतरही होत्या. एकूण एक स्ट्रिंग एकाच प्रमाणात, एकाच संध्याकाळी खराब होत नाही.

मग मी एक साधा प्रश्न विचारला, जो आधी विचारला गेला नव्हता : वीज कमी झाली का? पीआर कमी झाला हे सगळ्यांना माहीत होतं. मीटरवरची वीज कोणी स्वतंत्र पाहिलीच नव्हती. गारपिटीआधीचे आणि नंतरचे निरभ्र दिवस निवडून शेजारी शेजारी मांडले. वीज कमी झालेली नव्हती. किंचित वाढलीच होती, फेब्रुवारी पुढे सरकताना दिवस मोठा होतो तेवढी. ऊन मात्र त्याहून जास्त वाढलं होतं. पीआरचा अपूर्णांक वरून घसरला नव्हता, त्याचा खालचा आकडा फुगला होता.

यावर ठेकेदाराच्या अभियंत्याने चांगला आक्षेप घेतला. पावसाने हवा धुतली जाते, धूर-धूळ खाली बसते, मग ऊन खरंच वाढतं. बरोबर आहे. पण तसं झालं असतं तर पॅनललाही तेच वाढलेलं ऊन मिळालं असतं आणि वीज त्याच प्रमाणात वाढली असती. शिवाय पावसाने पॅनलही धुतले गेले होते. वाढ फक्त सेन्सरला दिसली, पॅनलला दिसली नाही. म्हणजे हवेत नव्हे, सेन्सरवर काहीतरी बदललं होतं.

सेन्सरची झडती

सेन्सर आता बरोबर दाखवतोय का, हे आधी पक्कं करायचं होतं. त्यासाठी नव्या उपकरणाआधी जुन्या नोंदीच पुष्कळ बोलतात.

रात्रीचे आकडे पहिले पाहिले. निरभ्र थंडीच्या रात्री घुमटाची काच आकाशाकडे उष्णता टाकून थंड होते आणि थर्मोपाइल उणे दोन-तीन वॉट दाखवतो. बऱ्याच जणांना ही चूक वाटते आणि ते लॉगरमध्ये शून्याखालचं सगळं कापून टाकतात. तसं करू नये. रात्रीचं ते उणे चिन्ह म्हणजे उपकरण जिवंत असल्याची खूण आहे. इथे ते आधीही होतं, नंतरही होतं. वायर, लॉगर ठीक.

मग वेळ. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, नागपूर 79.1 अंशावर. त्यामुळे इथे सूर्य घड्याळाच्या साधारण पावणेचौदा मिनिटं मागे चालतो. फेब्रुवारीच्या मध्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि अक्षाच्या कलामुळे आणखी सुमारे चौदा मिनिटांची भर पडते. म्हणजे त्या दिवसांत नागपुरात खरी सौर दुपार 12 वाजून 28 मिनिटांच्या आसपास. निरभ्र दिवसाचा आलेख बरोबर तिथेच शिखर गाठत होता आणि दोन्ही बाजूंनी सारखा उतरत होता. सेन्सर पूर्वेला किंवा पश्चिमेला कलला असता तर शिखर सरकलं असतं. गारांनी खांब हलवला, ही शंकाही गेली.

त्यानंतर मी माझा पायरॅनोमीटर त्यांच्या सेन्सरच्या शेजारी, त्याच कलात बसवला. तो नुकताच कॅलिब्रेट होऊन आलेला. कॅलिब्रेशन म्हणजे नुसता शिक्का नाही. प्रयोगशाळेतल्या प्रमाण उपकरणाशी तुलना, त्याची त्याहून वरच्या उपकरणाशी, आणि ती साखळी शेवटी स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसच्या जागतिक प्रारण (रेडिएशन) केंद्रापर्यंत जाते. तिथे दर पाच वर्षांनी देशोदेशीची प्रमाण उपकरणं एकत्र आणून एकाच सूर्यावर पडताळतात. आपल्याकडे या साखळीचं टोक पुण्याच्या हवामान खात्याच्या प्रयोगशाळेत आहे. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या सुमारास सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं देशात उभं राहिलं, त्यामागे हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी यांचे कष्ट होते. परदेशी उपकरणांवर विसंबून न राहता ती इथेच बनवावीत आणि इथेच तपासावीत, यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. नागपूरही त्या जाळ्यातलं एक केंद्र. विदर्भाच्या उन्हाची जी पहिली भरवशाची नोंद आपल्याकडे आहे, ती या माणसांनी रोज घुमट पुसून ठेवल्यामुळे आहे. हे मला फार मोलाचं वाटतं.

निरभ्र दिवसांत दोन्ही उपकरणं एक टक्क्याच्या आत जुळली. गारपिटीनंतरचा सेन्सर खरा बोलत होता. मग आधीचा खोटा बोलत होता, हे सिद्ध कसं करायचं? झालेलं ऊन पुन्हा मोजता येत नाही.

उपग्रहाची साक्ष

मालकांनी स्वतःच इंटरनेटवरून नासाचा मोफत डेटा काढून आणला होता. त्यात हिवाळ्यातलं ऊन स्टेशनपेक्षा काही टक्के जास्त दिसत होतं. ठेकेदार म्हणाला, उपग्रह हिवाळ्यात नेहमीच जास्त दाखवतो.

आधी एक गोंधळ निस्तरावा लागला. मालकांनी आणलेला आकडा आडव्या पृष्ठभागाचा होता, पीआरचा सेन्सर कललेला. नागपुरात हा फरक लहान नाही. डिसेंबरात दुपारी सूर्य डोक्यावरून सुमारे 45 अंश दक्षिणेला असतो, तेव्हा 20 अंश कललेल्या पॅनलवर थेट ऊन आडव्या जमिनीपेक्षा पाव पटीहून जास्त पडतं. उलट 26 मेच्या सुमारास इथे सूर्य भर माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्याच पॅनलला दुपारचं थेट ऊन सहा टक्के कमी मिळतं. आडवा आकडा कललेल्या पृष्ठभागावर बदलून घेतल्याशिवाय तुलना करणं व्यर्थ.

तसं केल्यावरही उपग्रह जास्तच दाखवत होता, पण त्यावरून निकाल देता येत नव्हता. उपग्रह जमिनीवरचं ऊन मोजत नाही. तो ढगांवरून आणि जमिनीवरून परत गेलेला प्रकाश पाहतो आणि मधल्या हवेत धूळ-धूर किती असेल याचा अंदाज धरून खालचं ऊन काढतो. ढगाळ-निरभ्र त्याला चांगलं कळतं, धूर तितकासा नाही. आणि इथला हिवाळा तर धुराचाच. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, औष्णिक केंद्रं, वीटभट्ट्या, पहाटेच्या शेकोट्या, कापूस संपला की पेटवलेली पऱ्हाटी. त्यामुळे ठेकेदाराचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. काही टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना शक्य होती.

याच कारणासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने 2011 मध्ये देशभर 51 सौर प्रारण मापन केंद्रं उभी केली, पुढे आणखी वाढवली. तिथे सूर्याच्या मागे फिरणारा ट्रॅकर असतो. त्यावरचा पायरहेलिओमीटर फक्त सूर्यबिंबाकडून येणारं थेट ऊन मोजतो, दुसरा सेन्सर गोळ्याच्या सावलीत राहून उरलेल्या आकाशाचा विखुरलेला प्रकाश मोजतो, तिसरा एकूण ऊन. थेट आणि विखुरलेलं यांची कोनानुसार बेरीज एकूणाशी जुळली पाहिजे. जुळली नाही की त्याच दिवशी कळतं, तिघांपैकी एकाला काहीतरी झालंय. आमच्या खांबावर अशी सोय नव्हती. तिथले दोन सेन्सर एकमेकांशी जुळत होते, आणि ठेकेदाराचा भरवसा त्यावरच होता. पण दोघेही सारखेच मळले असतील तर दोघांचं एकमत काय कामाचं?

उपग्रहाचा उपयोग झाला तो वेगळ्या रीतीने. त्याचा आकडा खरा की खोटा हा प्रश्न बाजूला ठेवला आणि स्टेशन भागिले उपग्रह हे गुणोत्तर निरभ्र दिवसांसाठी ओळीने मांडलं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून ते हळूहळू खाली उतरत गेलं होतं, आणि गारपिटीच्या संध्याकाळनंतर एकदम वर उसळलं होतं. संथ उतार, मग एका पावसात उडी. जो कोणी काच धुतो, त्याला हा आकार ओळखीचा आहे.

घुमटावर काय होतं

पुरावा शेवटी ठेकेदाराच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सापडला. जानेवारीत खांबावर गांधीलमाश्यांनी पोळं केलं म्हणून तिथल्या पोराने फोटो टाकला होता. फोटो पोळ्याचा, पण मागे कललेला पायरॅनोमीटर आला होता. मोठा करून पाहिला. घुमट पारदर्शक नव्हता. वरच्या भागात पांढरट झाक आणि खालच्या काठाशी, दक्षिणेकडे, चंद्रकोरीसारखा मातकट थर.

तो थर कसा झाला हे त्या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची मळणी, थ्रेशरचा भुसा चारी दिशांना. पुढे जानेवारीत तूर. पहाटे दव पडतं, घुमटावर ओघळतं, धूळ सोबत घेऊन खालच्या काठाशी थांबतं आणि नऊ वाजता उन्हाने वाळतं. रोज एक पातळ लेप. गोल काचेवर पॅनलच्या मानाने धूळ कमी टिकते हे खरं, पण महिनोन्महिने हात लागला नाही तर गोल काचही हरते. मी खांबावर चढलो तेव्हा पावसाने घुमट स्वच्छ झालेले होते. पण घुमटाभोवतीच्या पांढऱ्या कड्याच्या खाचेत, जिथे पावसाचं पाणी वेगाने पोचत नाही, तिथे तो लेप अजून घट्ट होता. ओल्या पांढऱ्या कापडावर पिवळट राखाडी डाग आला. उपकरण आतून कोरडं ठेवणारे सिलिका जेलचे दाणेही रंग बदलून कधीचे निकामी झालेले होते. इतक्या काळात कोणी वर चढलंच नव्हतं, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

तिथला तंत्रज्ञ प्रामाणिक मुलगा. त्याने लपवलं नाही. "पॅनल तं दर पंधरा दिवसांनी धुऊन राहिलो ना साहेब आम्ही. त्या दांड्यावरच्या गोळ्याचं कोणी सांगितलंच नाही." मी करार मागवून वाचला. पॅनल किती दिवसांनी धुवायचे, पाणी किती खारं चालेल, गवत किती उंच वाढू द्यायचं, सगळं लिहिलेलं. पायरॅनोमीटर पुसण्याबद्दल एक शब्द नाही. म्हणजे पॅनल स्वच्छ आणि सेन्सर मळका, ही स्थिती कराराप्रमाणेच होती. आणि याच स्थितीत पीआर सर्वांत सुंदर दिसतो.

मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश तापमान दिसलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. हवामान विभागाने लगेच स्पष्ट केलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. 56 पाहिल्यावर सगळं शहर चपापलं, म्हणून चूक टिकली नाही. मळक्या घुमटाचे चार टक्के कोणालाच चपापायला लावत नाहीत, त्यातून आकडा आपल्या सोयीचा असेल तर नाहीच.

सिद्धतेचा शेवटचा भाग आम्ही पुढच्या कोरड्या हंगामात केला. दोन्ही पक्षांच्या संमतीने स्टेशनचा सेन्सर मुद्दाम पुसायचा नाही, माझा शेजारचा रोज पुसायचा. काही आठवड्यांतच दोघांत दोन टक्क्यांच्या आसपास अंतर पडलं. मग सगळ्यांसमोर स्टेशनचा घुमट पुसला आणि अंतर तिथल्या तिथे मिटलं. कंट्रोल रूमच्या पडद्यावर आकडा वर जाताना मालकांनी आणि ठेकेदाराने सोबतच पाहिला. इतके दिवस कागदावर चाललेला वाद त्या दुपारी संपला.

मेमधली घसरण वेगळी

मधल्या काळात पीआर आणखी खाली जाऊन मेमध्ये 76 वर आला होता, आणि मालकांना पुन्हा गारा आठवल्या होत्या. याचं कारण मात्र उन्हाळाच. 82 वरून 76 म्हणजे 82 च्या मानाने सात टक्क्यांहून थोडी जास्त घट. पॅनल तापले की वीज कमी देतात, अंशामागे साधारण 0.35 टक्का. जानेवारीच्या आणि मेच्या कामाच्या तासांतल्या पॅनलच्या सरासरी तापमानात इथे सोळा अंशांच्या आसपास फरक होता. म्हणजे साडेपाच टक्के उष्णतेनेच गेले. उरलेला दीड-दोन टक्क्यांचा फरक पॅनलवरच्या उन्हाळी धुळीचा. जानेवारीचा खरा 82 आणि मेचा 76 यांत काही गूढ उरत नाही. नागपूरसारख्या ठिकाणी तापमानाची दुरुस्ती न करता महिन्याचा पीआर महिन्याशी ताडणं म्हणजे दरवर्षी एप्रिलमध्ये भांडण ओढवून घेणं आहे. करारात ही दुरुस्ती नव्हती. आता घातली आहे.

हिशेब कसा मिटला

हिवाळ्यातले जुने आकडे दुरुस्त करून द्या, अशी दोघांचीही मागणी होती. मी ते नाकारलं. घुमट रोज किती मळत गेला याची नोंद नसताना प्रत्येक दिवसाला गुणक लावून नवा तक्ता करणं म्हणजे अंदाजाला मोजमापाचे कपडे घालणं. ऑक्टोबर अखेर ते गारपीट या काळातलं ऊन कमी नोंदलं गेलंय, शेवटी शेवटी ही तूट साडेचार टक्क्यांच्या घरात होती, आणि हा काळ पीआरच्या हिशेबातून वगळावा, एवढंच लिहून दिलं. यात दोन्ही बाजूंचं थोडं नुकसान होतं. ठेकेदाराला हिवाळ्यातल्या चांगल्या पीआरबद्दल मिळालेलं बक्षीस परत वळतं करावं लागलं. मालकांनी अडवलेली बिलं मोकळी केली. विम्याचा दावा खरोखर फुटलेल्या पॅनलपुरता राहिला. भेगा शोधायची तपासणी सगळ्या प्रकल्पाऐवजी गारांचा मार जास्त बसलेल्या काही ओळींवर झाली; तुरळक भेगा निघाल्या, चार टक्के समजावू शकतील अशा नाहीत.

खांबावर आता दुसरा कललेला पायरॅनोमीटर आहे आणि दोघे वेगवेगळ्या दिवशी पुसले जातात. हा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण एक पुसल्यावर दुसऱ्याशी पडलेला फरक आपोआप मळ मोजून देतो. पुसणं सूर्योदयाआधी, डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ सुती कापड; कोरड्या फडक्याने घासायचं नाही, काचेला ओरखडे पडतात. प्रत्येक वेळी आधीचा आणि नंतरचा फोटो. रजिस्टरवर तंत्रज्ञाची सही, आणि महिन्यातून एकदा मालकांच्या माणसाची. स्टेशन भागिले उपग्रह हे गुणोत्तर स्काडामध्ये (प्रकल्पावर लक्ष ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत) रोज निघतं आणि दोन टक्क्यांनी सरकलं की मेसेज जातो. यातलं काहीही महाग नाही.

सगळ्यात शेवटी एक गोष्ट उघडी पडली, आणि माझ्या मते या प्रकरणातलं खरं नुकसान तिथे होऊ घातलं होतं. मालकांनी शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या टप्प्यासाठी बँकेकडे अर्ज केला होता. त्यात पहिल्या प्रकल्पाचा वार्षिक पीआर "प्रत्यक्ष अनुभव" म्हणून जोडलेला होता, आणि नव्या जागेचं ऊन उपग्रहाच्या डेटावरून घेतलेलं. जुन्या जागेवर कमी मोजलेलं ऊन आणि फुगलेला पीआर एकमेकांना खाऊन टाकतात, वीज तेवढीच राहते. पण फुगलेला पीआर तिथून उचलून दुसऱ्या जागेच्या न मळलेल्या उन्हाला गुणला, की न येणारी वीज कागदावर येते. वर्षाला चौरस मीटरमागे 2,000 युनिट ऊन धरलं तर पीआरमधला एक टक्का म्हणजे मेगावॉटमागे 20,000 युनिट. पावसाळ्यात घुमट आपोआप धुतला जातो म्हणून वार्षिक पीआरमधली सूज दीड-दोन टक्केच होती, तरी मेगावॉटमागे 30 ते 40 हजार युनिट दरवर्षी, कर्जाच्या सगळ्या वर्षांसाठी.

मालकांनी हे ऐकल्यावर स्वतः बँकेला पत्र लिहिलं आणि सुधारलेला अंदाज दिला. कर्जाची रक्कम कमी झाली, हप्ता बसला. नव्या जागेवर पॅनलच्या आधी वेदर स्टेशनचा खांब उभा राहिला आहे आणि त्याच्या रजिस्टरचं पहिलं पान भरलेलं आहे.